नेपाळच्या डोंगरात जनावरांच्या चाऱ्याचं गणित कसं मांडायचं (नवीन येणाऱ्यांसाठी)

आपल्याकडून नेपाळला कामासाठी येणारी पोरं-पोरी आता बरीच दिसायला लागलीत. कुणी व्हेटर्नरी करून कुठल्या प्रोजेक्टवर येतं, कुणी डेअरीत, कुणी एखाद्या संस्थेबरोबर वर्षभरासाठी, आणि जवळपास प्रत्येकाचा पहिला प्रश्न असतो की इथे म्हशी कुठल्या जातीच्या, दूध किती देतात. माझं म्हणणं असं की जातीचा प्रश्न नंतर विचारा, आधी विचारा की चैतात ही म्हैस काय खाते आणि ते कोण उचलून आणतं. या दोन प्रश्नांची उत्तरं मिळाली की डोंगरातला चाऱ्याचा तुटवडा निम्मा कळला. मी इथल्या मधल्या डोंगरातल्या, म्हणजे काभ्रे-धादिङ-तनहुँ या पट्ट्यातल्या दूध सहकारी संस्थांबरोबर काम करतो, त्यामुळे खाली जे लिहितोय ते मुख्यतः दोन-चार म्हशी किंवा दहा-बारा शेळ्या असलेल्या घरांसाठी आहे.

पहिलं काम: कॅलेंडर समजून घ्या

इथे सगळे व्यवहार विक्रम संवतात चालतात, आणि ते सौर आहे, आपल्या पंचांगासारखं नाही. वैशाखाने वर्ष सुरू होतं एप्रिलच्या मध्यात, आणि चैत हा शेवटचा महिना, मार्चच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत. हे डोक्यात पक्कं बसवा, नाहीतर शेतकरी "मंसिरमा" म्हणाला की तुम्ही आपल्या मार्गशीर्षाचा हिशोब करत बसाल आणि बियाणं पेरायची वेळ निघून जाईल.

वर्षाच्या पावसातला साधारण 80 टक्के पाऊस जून ते सप्टेंबरमधे पडतो. म्हणजे असार ते असोज (आषाढ ते आश्विन) चारा इतका असतो की कापायला माणूस पुरत नाही, बांधावर गवत जरड होऊन वाया जातं. मग मंसिरात भात निघतो, पराल म्हणजे भाताचा पेंढा हाताशी येतो, पुसापर्यंत (पौष) कसंबसं चालतं. खरी टंचाई माघाच्या शेवटाला सुरू होते आणि फागुन, चैत, वैशाख हे तीन महिने फार वाईट. गवत वाळलेलं, ओढे आटलेले, झाडांचा पाला संपत आलेला, घरातला पराल टौव्याच्या (पेंढ्याच्या गंजीच्या) तळाला लागलेला. त्यात कितीतरी म्हशी श्रावण ते कार्तिक या काळात व्यालेल्या असतात, त्यांचं दूध याच वेळेला उतरतं आणि डेअरीवाले म्हणतात दूध कमी झालं. मजा बघा, पावसाळ्यानंतर दूध इतकं यायचं की डेअरी ठराविक दिवशी दूधच घ्यायची नाही, त्याला इथे "मिल्क हॉलिडे" म्हणायचे. म्हणजे एकाच घरात एका ऋतूत दूध ओतायला जागा नाही आणि दुसऱ्या ऋतूत जनावराला घालायला पेंढा नाही. हे दुखणं अख्ख्या देशाचं आहे, त्यामुळे त्या एका घराला बोल लावू नका.

दुसरं काम: कागद-पेन घेऊन हिशोब

हा भाग कंटाळवाणा वाटेल पण हाच सगळ्यात महत्त्वाचा, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मोठ्या जनावराला रोज वजनाच्या अडीच ते तीन टक्के कोरडा चारा लागतो, कोरडा म्हणजे पाण्याचा अंश वजा करून. डोंगरातली म्हैस 400 किलोची धरली तर 10 ते 12 किलो. आता हिरवं गवत म्हणजे 80 टक्के पाणीच, त्यामुळे 35 किलोचा भरगच्च डोको (पाठीवरची टोपली) आणला तरी त्यातून कोरडं 7 किलोच मिळतं. उरलेलं पराल, ढोड (मक्याची ताटं) आणि दाणा यातून भागवायचं. पेंढ्यात पाणी कमी, साधारण 10 टक्के, म्हणून रोज 5 किलो पेंढा घातला की साडेचार किलोच्या आसपास भर पडते.

मग पुसाच्या मध्यापासून वैशाख संपेपर्यंत साडेचार महिने धरा, रोजचे 5 किलो, म्हणजे एका म्हशीला 675 किलो पेंढा, नासधूस धरून 750. एक रोपनी (साधारण 509 चौरस मीटर) खेतातून (भाताच्या शेतातून) बेताच्या पिकात 180-200 किलो पेंढा निघतो. म्हणजे एका म्हशीमागे चार रोपनी भात हवा. आता ज्या घराकडे पाच रोपनी खेत आणि तीन म्हशी आहेत तिथे चैतात काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. एवढा हिशोब त्या घरातल्या दिदीसमोर बसून करा, तिला आकडे आधीच माहीत असतात फक्त तिने ते किलोत मोजलेले नसतात, भारीत, म्हणजे पाठीवरच्या ओझ्यात, मोजलेले असतात. "दिदी, फागुनमा दिनको कति भारी?" (फागुनात दिवसाला किती भारी?) असं विचारा, एक भारी काट्यावर टाकून वजन घ्या, बाकी गणित आपोआप सुटतं.

शेळीचं सोपं. 30 किलोच्या शेळीला किलोभर कोरडा चारा, तिला पाला जास्त आवडतो, पेंढ्याकडे ती बघत पण नाही.

तिसरं: आहे ते वाया जाणं थांबवा

नवीन माणूस आला की लगेच नवीन गवत लावायला धावतो. त्याआधी गोठ्यात जाऊन अर्धा तास उभं राहा आणि जनावराच्या पायाखाली काय पडलंय ते बघा. अख्खी लांब ताटं टाकली तर मक्याच्या ढोडातला चांगला मोठा भाग म्हैस तुडवते, आपल्याकडे कडबा कुट्टी करतात ते उगाच नाही. हाताने फिरवायचं कुट्टी मशीन तीन-चार घरांनी मिळून घेतलं तरी पुरतं, आणि दावणीला पुढून एक आडवी फळी लावली की चारा ओढून बाहेर पडत नाही.

पेंढा साठवताना इथे खांबाभोवती गोल रचतात, त्याला टौवा म्हणतात. रचणी चांगली असेल तर पाऊस आत शिरत नाही. विकत घेताना मात्र वरवर बघू नका, हात कोपरापर्यंत आत घाला. आत गरम लागलं किंवा कुबट वास आला तर तो पेंढा बुरशीचा आहे, कितीही स्वस्त मिळाला तरी नको. आणि दलदलीच्या खेतातला पेंढा असेल तर बुडखा कापून टाका, नीट वाळवा, कारण गोगलगाईंमुळे तिथे यकृतातल्या चपट्या कृमी चिकटलेल्या असतात, इथे त्याला नाम्ले म्हणतात, आणि डोंगरातल्या म्हशी खंगण्यामागे ते फार मोठं कारण आहे. चारा कमी म्हणून जनावर वाळलं असं सगळे म्हणतात पण कित्येकदा चारा जातोय कृमींच्या पोटात, तेव्हा शेण तपासून घ्या आणि डॉक्टरला विचारून औषध पाजा.

अजून एक, कुँडो. पीठ, कोंडा, भाजीचा पाला असं सगळं मोठ्या भांड्यात शिजवून म्हशीला घालायची इथे पद्धत आहे. माया खूप असते त्यामागे. पण रोज त्यासाठी किती लाकूड जळतं आणि बाईचा किती वेळ जातो ते बघा, तेच सगळं कोमट पाण्यात भिजवून दिलं तरी चालतं. एकदम बंद करा म्हणून सांगू नका, आधी एक वेळचा कुँडो भिजवून द्यायला सांगा, दूध कमी होत नाही हे दिसलं की दुसऱ्या वेळचा त्या स्वतःच बंद करतात.

चौथं: पेंढा सुधारणे

युरियाचा पेंढा आपल्याकडेही शिकवतात. 100 किलो पेंढ्याला 4 किलो युरिया, 50-60 लिटर पाण्यात पूर्ण विरघळवून थर थर देत शिंपडायचा, तुडवून दाबायचा आणि प्लास्टिकने हवाबंद झाकायचा. आपल्या पुस्तकात 21 दिवस लिहिलेलं असतं, ते उबदार हवेसाठी. इथे पुस-माघात 1500 मीटरवर ते 21 दिवसात होत नाही, थंडीत दीड-दोन महिने सुद्धा लागतात, म्हणून मंसिरात पराल आला की लगेच भरा, थंडी वाढायच्या आत. उघडल्यावर तासभर हवेवर पसरा, अमोनियाचा झोंबणारा वास उडाला की मगच घाला, सुरुवात थोड्याने करा, आणि सहा महिन्याच्या आतल्या पारडा-वासराला अजिबात नको. युरियाचं पाणी जिथे जनावर तोंड घालेल तिथे ठेवू नका, त्याने जनावर तासा-दोन तासात मरतं, हे घरातल्या प्रत्येकाला, लहान मुलांना सुद्धा, सांगून ठेवा. युरिया वेळेवर मिळेल याची पण खात्री धरू नका, खताची टंचाई इथे नेहमीची, भाताच्या वेळेलाच चार किलो बाजूला काढून ठेवायला सांगा.

पाचवं: मुरघास, पण छोटा

भदौमधे (भाद्रपदात) मका हिरवा असतो आणि गवत उतू जात असतं, तेव्हाच चैताची सोय करायची. एका म्हशीला रोज 10 किलो प्रमाणे 120 दिवस म्हणजे 1200 किलो, त्याला दोन-अडीच घनमीटरचा खड्डा पुरतो. पण डोंगरात खड्ड्याला पाणी लागतं आणि भदौत पाऊस थांबत नाही, त्यामुळे मी तरी नवख्या घराला 200 लिटरचा प्लास्टिक ड्रम किंवा जाड बॅगच सुचवतो, एका ड्रममधे 100-120 किलो बसतो, एक खराब झाला तरी बाकीचे वाचतात.

मक्याचा दाणा दुधाळ अवस्थेतून घट्ट व्हायला लागला की कापा, दोन-तीन सेंटिमीटरची कुट्टी करा. मूठभर कुट्टी घट्ट दाबून सोडून बघा: बोटातून पाणी गळलं तर जास्त ओलं, अर्धा दिवस सुकू द्या, मूठ उघडल्या उघडल्या सगळं विस्कटलं तर जास्त सुकं, गोळा होऊन हळूहळू सुटला तर एकदम बरोबर. मग थराथराने पायाने दाबत भरायचं, हवा राहिली की काळं पडतं. 45 दिवसांनी उघडता येतं पण उघडू नका, माघापर्यंत हात लावायचा नाही असं घरात ठरवून टाका. आंबूस गोडसर वास आणि पिवळट हिरवा रंग म्हणजे चांगला, काळा-चिकट भाग फेकून द्यायचा.

सहावं: झाडं आणि गवत, कुठे काय

इथली सगळ्यात मोठी ताकद म्हणजे डाले घाँस, झाडाचा पाला. बडहर, कुटमिरो, राई खन्यू, टाँकी, कोइरालो, निमारो ही नावं पाठ करा. कोइरालो म्हणजे आपला कांचनच, इपिल इपिल म्हणजे सुबाभूळ. टाँकीचा पाला हिवाळ्याच्या सुरुवातीला उतरवतात, बडहर-कुटमिरो पुढे चैतापर्यंत साथ देतात, म्हणून एकाच जातीची शंभर झाडं लावण्यापेक्षा चार-पाच जातींची मिसळ करा. जागा नाही म्हणणाऱ्याला बारीचे कान्ले दाखवा, म्हणजे पायऱ्या-पायऱ्यांच्या शेताचे उभे बांध, झाड तिथे लावायचं आणि खाली नेपियर किंवा अम्रिसो, माती पण धरून राहते. अम्रिसोचं डबल काम, पाला जनावराला आणि तुऱ्याचा झाडू विकायला.

झाडांबद्दल एक गोष्ट मी कळकळीने सांगतो. पाला काढताना झाडावरून पडून कंबर-मणका मोडलेली माणसं इथल्या डोंगरातल्या दवाखान्यात कायम असतात, त्यात बायका खूप. कड्याच्या टोकावर वाढलेलं वीस फुटी झाड, खाली दरी, कमरेला हँसिया म्हणजे विळा, आणि वरून फांदी ओली. घरातले तरुण आखातात किंवा मलेशियाला गेलेले, गवत कापायला उरलेत सासू आणि सून. म्हणून चारा योजना करताना किती किलो मिळेल याच्या आधी कोण चढणार हे विचारा. झाड लहान असतानाच डोक्याच्या उंचीला छाटून घ्या म्हणजे फांद्या खालूनच फुटतात, किम्बू म्हणजे तुती आणि नेपियर गोठ्याजवळ लावा, आणि जंगलातला एक डोको कमी झाला तरी ते तुमचं यश समजा.

उंचीचा नियम ढोबळ असा: 1500 मीटरपर्यंत नेपियर झकास, त्याच्यावर दव गोठायला लागलं की हिवाळ्यात ते करपतं. हिवाळ्याच्या हिरव्या चाऱ्याला जै, म्हणजे ओट्स, उत्तम. असोज-कार्तिकात, लवकर भात निघालेल्या खेतात रोपनीला 5 किलो बी, दोन महिन्यांनी पहिली कापणी, पाणी असेल तर दुसरी. कामधेनु आणि नेत्र या जाती इथे चालतात. सोबत भेच (व्हेच, शेंगवर्गीय चारा) मिसळलं तर प्रथिनं वाढतात, खाली तराईत, म्हणजे सखल मैदानी पट्ट्यात, बर्सिम.

काय खाऊ घालायचं नाही तेही बघा. वर बांझ-खसरुच्या (ओक झाडांच्या) रानात वसंतात फुटलेली कोवळी पालवी उपाशी जनावराने भरपूर खाल्ली तर टॅनिनची विषबाधा होते, ती टंचाईतच होते कारण दुसरं काही नसतं. आणि बनमारा नावाचं तण सगळीकडे पसरलंय, त्यातलं सेतो बनमारा म्हणजे कोकण-सह्याद्रीतली आपली रानमोडीच, जनावर ते खात नाही आणि खालचं गवत मारून टाकतं, त्यामुळे चराऊ रान नकाशावर हिरवं दिसलं तरी त्यात चारा किती ते पायाने फिरून बघा.

सातवं: सामुदायिक वन

1993 च्या वन कायद्यानंतर जंगलं गावांच्या हातात आली, आज 22 हजारांहून जास्त उपभोक्ता समूह आहेत. प्रत्येकाची कार्ययोजना वेगळी, कुठे चराई पूर्ण बंद, कुठे ठराविक दिवशीच घाँस कापायला गेट उघडतात. नवीन गावात गेलात की अध्यक्षांना आधी भेटा, योजनेचा कागद वाचा. जंगल राखल्याने झाडी वाढली हे खरंच फार मोठं काम आहे, पण सावली दाट झाली की खाली गवत उगवत नाही आणि ज्याच्याकडे स्वतःची बारी नाही अशा गरीब, दलित घराला सगळ्यात आधी फटका बसतो. विरळणी करून मधे चाऱ्याची झाडं लावायचा ठराव बैठकीत मांडता येतो, तो मांडा, आणि ज्या बैठकीला बाया येतात त्या बैठकीत मांडा.

आठवं: गोणीतला दाणा

दुभत्या म्हशीला साधारण दोन लिटरमागे एक किलो, वर शरीर पोसायला किलोभर. मका, ढुटो (भाताचा कोंडा), चोकर (गव्हाचा कोंडा), तोरीचा पिना म्हणजे मोहरीची पेंड, दोन टक्के मिनरल मिक्श्चर, एक टक्का मीठ असं घरी मिसळलं तरी चालतं. मका ओलसर असेल तर घेऊ नका, बुरशीचं अफ्लाटॉक्सिन दुधात उतरतं.

बाजारातली गोणी कुठून येते ते माहीत पाहिजे. चितवन, हेटौंडा, विराटनगर, भैरहवा इथे कारखाने, पण मका आणि सोयाबीनची पेंड मोठ्या प्रमाणात भारतातून, रक्सौल-वीरगंज, सुनौली-भैरहवा, जोगबनी-विराटनगर या नाक्यांवरून. म्हणजे आपल्या लातूर-वाशिमच्या बाजाराशी इथल्या गोठ्याचं नातं आहे. 2021 मधे आपल्याकडे सोयाबीन क्विंटलला 10 हजाराच्या आसपास गेलं तेव्हा इथे गोणी महागली, भारताने तर स्वतःसाठी पेंड बाहेरून मागवायला परवानगी दिली होती. आता भारतात मका इथेनॉलकडे ओढला जातोय, त्याची झळ पण इथे येणार हे धरून चाला. नवीन माणसाने स्वतः सीमेपलीकडून ट्रक आणायच्या भानगडीत पडू नये, परवाना, क्वारंटाइन, कस्टम यात माल अडकतो आणि उन्हात खराब होतो. सहकारी संस्थेमार्फत एकत्र खरेदी करा, भाव पण पडतो.

पराल पण तराईतून ट्रकने वर येतो. आता तराईत कंबाइनने भात काढतात, पेंढा शेतात विखुरतो आणि बराच जाळला जातो, हे बघून खरंच जीव तुटतो, कारण शे-दीडशे किलोमीटरवर वर म्हशी उपाशी असतात. बेलर असलेला माणूस शोधा आणि मंसिरातच सौदा करा. फागुनात तोच पेंढा भाड्यासकट परवडत नाही.

हिमाली भागाबद्दल थोडं

मुस्ताङ, डोल्पा, हुम्ला इकडे याक, चौंरी (याक-गाईचा संकर), च्यांग्रा शेळ्या, आणि खर्क म्हणजे उंचावरची कुरणं. पूर्वी हिवाळ्यात तिबेटच्या बाजूला कळप न्यायचे, ती वाट 1980 च्या दशकाच्या शेवटी बंद झाली आणि इकडच्या कुरणांवर ताण आला. तिथे पहिल्या वर्षी फक्त बघा, विचारा, लिहून घ्या. कळप कुठल्या खर्कवर कधी जायचा हे गाव मिळून ठरवतं आणि त्यात बाहेरच्याने ढवळाढवळ करू नये.

रस्ता बंद झाल्यावर

हे दरवर्षी होतं असं धरूनच चाला. 2015 चा भूकंप आणि पाठोपाठ सप्टेंबरपासून 2016 च्या फेब्रुवारीपर्यंतची भारत सीमेवरची नाकाबंदी, 2020 चा लॉकडाऊन, 2024 च्या सप्टेंबरमधला पाऊस ज्यात काठमांडूला जोडणारे रस्ते बंद पडले आणि बीपी राजमार्ग रोशी खोऱ्यात वाहून गेला. प्रत्येक वेळी सगळं गोणीवर अवलंबून असणाऱ्याचे, विशेषतः कोंबडीवाल्यांचे, हाल जास्त. म्हणून असारच्या आधी तीन आठवड्यांचा दाणा आणि मीठ-मिनरल घरात हवं, जमिनीपासून फूटभर उंच फळ्यांवर, भिंतीला न टेकवता.

आणि तरी कमी पडलंच तर सगळ्यांना सारखं कापू नका. व्यायला दोन महिने राहिलेली गाभण म्हैस आणि नुकती व्यालेली, यांचा खुराक शेवटपर्यंत ठेवा. आटलेली, मोठी पारडी यांना पेंढा आणि पाल्यावर काढा. बोकड असतील तर दसैनची (इथला दसरा) वाट न बघता आधीच विका, कारण वजन घटलेला बोकड नंतर भाव देत नाही. दाणा अचानक बदलू नका, आठवडाभरात हळूहळू. पालिकेच्या पशु सेवा शाखेत जैच्या बियाण्यासाठी नाव साउनमधेच (श्रावणात) घाला, त्यांचं आर्थिक वर्ष तेव्हा सुरू होतं आणि बी असोजला हातात पाहिजे. माघात जाऊन मागितलं तर पुढच्या वर्षीच्या यादीत नाव जातं.